चार डब्यांचे हंडरगुळे

सोमवारी आमच्या बँकेत केळी असायची. स्टेशनरीच्या कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक भलीमोठी फणी. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे जाता-येता एकेक तोडून न्यायचे. ती आणणारा माणूस मात्र केळ्याला हात लावायचा नाही. हंडरगुळेसाहेबांना केळं आवडत नसे.

त्यांची बायको, सुमनताई, अर्धापूरच्या बाजूला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. राहायच्या नांदेडला. आता अर्धापूरकडचे पालक बाईंच्या घरी केळी देणार नाहीत तर काय देणार? बाई ती नवऱ्याच्या पिशवीत भरून द्यायच्या आणि सोमवारी ती लातूरला आमच्या कपाटावर यायची.

"अहो साहेब, ताईंना सांगत का नाही, मला आवडत नाहीत म्हणून?" मी एकदा विचारलं. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे असले प्रश्न विचारायचा हक्क मी आपोआप घेतला होता.

"लग्न झालं तवा पहिल्यांदा तिनं केळं सोलून दिलं. मी वा वा म्हणून बसलो. आता इतक्या वर्सांनी काय सांगू? आणि मॅडम, आमी भेटतो शनवारच्या रात्री आन् रविवारी. तेवढ्यात केळ्यावरून कुठं तोंड वाकडं करायचं?"

शनिवारी बँक सुटली की हंडरगुळेसाहेब नांदेडची एसटी गाठायचे. सोमवारी अंधारात तिकडून निघून बँक उघडायच्या आत टेबलावर हजर. इस्त्रीचा शर्ट प्रवासात चुरगळू नये म्हणून पिशवीत वेगळा, तो स्टोअररूममध्ये बदलायचा. आठवडाभर लातूरला भाड्याची खोली आणि मेसचा डबा. लग्न झाल्यापासून हेच. बँक आमची जिल्ह्यापुरती, त्यामुळे त्यांची बदली नांदेडला होणं शक्य नव्हतं. सरकारात पती-पत्नी एकत्रीकरण नावाची एक सोय असते, पण सहकारी बँकेतला नवरा त्या सोयीच्या दृष्टीने नवराच नसतो. सुमनताईंनी अर्ज करून पाहिले आणि मग सोडून दिले. मूलबाळ नव्हतं. "कुठल्या गावात होणार होतं?" असं साहेब एकदाच, हसत म्हणाले होते. मी पुन्हा तो विषय काढला नाही.

माणूस ठेंगणा, चालणं झपाझप, डोक्याला खोबरेल तेल आणि घड्याळ उजव्या हातात. वायफळ काहीही त्यांना सोसायचं नाही. व्हाउचरला तीन टाचण्या दिसल्या की दोन काढून डबीत टाकायचे आणि म्हणायचे, "फिजूल वजन." लग्नाच्या पंगतीत सतरा पदार्थ बघितले की तेच. मॅनेजर पंधरा ऑगस्टला लांबलचक बोलायला लागले की मान माझ्याकडे कलती करून हळूच, "मॅडम, फिजूल वजन." मला हसू आवरायचं नाही आणि मॅनेजर मात्र माझ्याकडे बघून डोळे वटारायचे.

हे फिजूल वजनाचं खूळ आलं होतं रेल्वेतून. त्यांच्या डोक्यात एक गाडी होती. चार डब्यांची. डिझेलवर चालणारी, दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन असलेली, हलकी, पळणारी. रोज पहाटे नांदेडहून सुटायची, परभणी, परळी, लातूर रोड करत बँक उघडायच्या आत लातूरला पोचायची आणि संध्याकाळी तशीच परत जायची.

मी नवीन होते तेव्हा त्यांनी ती मला टेबलावर करून दाखवली. स्टॅम्पपॅडच्या चार डब्या एकामागे एक लावल्या. "ही आपली गाडी. आता ही बघा." कपाटातून पावतीपुस्तकांचे गठ्ठे काढून त्यांनी टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडले. "ही लांब पल्ल्याची. हिला आपल्याशी काय घेणंदेणं न्हाई. कुठून तरी येती, कुठं तरी जाती, मधी आपण. परळीला हिचं इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावून राहिले. लोक उतरून चहा पिऊन राहिले. का? गाडी लांब. लांब गाडी ओढायला जड, थांबवायला जड, फिरवायला जड. आन् आपल्याला जायचंय कितीजण? चार डबे भरतील एवढे. मग चारच द्या की बाबा, पण रोज द्या, टायमावर द्या."

एवढ्यात एक खातेदार पासबुक घेऊन आला आणि लातूर रोडच्या अलीकडे त्याने ते ठेवलं. साहेब त्याला म्हणाले, "जरा थांबा, सिग्नल न्हाई."

मी म्हटलं, "साहेब, ही गाडी चार तास घेणार. जाऊन-येऊन आठ. रोज आठ तास तुम्ही गाडीत बसणार?"

"बसणार की."

"झोपणार कधी?"

"झोप गाडीत बी होती मॅडम. जेवण घरचं पाहिजे. बाकी सगळं जमतं."

त्यातला जेवणाचा अर्थ मला मार्चएण्डला कळला. हिशेब जुळत नव्हता, सगळे उशिरापर्यंत थांबलो होतो, मेसचे डबे बँकेतच मागवले होते. साहेबांनी डबा उघडला, पण घास घेतला नाही. मोबाइल डब्याच्या झाकणाला टेकवून उभा केला आणि फोन लावला. "वाढून घेतलीस का? भाजी कशाची? बरं, घे मग." पलीकडून भांड्याचा आवाज आला आणि मग त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. फोन तसाच चालू. मधूनच तिकडून, "आज मुख्याध्यापक फारच वैतागले होते," आणि इकडून, "खा, खा, गार होईल." जेवण झाल्यावर फोन बंद. आम्ही सगळे आपापल्या डब्यात माना घालून बसलो होतो. कुणी चेष्टा केली नाही, आणि आमच्या बँकेत कुणाची चेष्टा होत नाही असा दिवस विरळा.

गाडीच्या मागणीसाठी त्यांनी प्रवासी संघ काढला. मुळात दोघांनी काढला, ते आणि शेषेराव. शेषेराव त्यांचे उदगीरच्या शाळेपासूनचे मित्र. एका बाकावर बसलेले, एका खोलीत राहून शिकलेले. शेषेराव उंचपुरे, आवाज खर्जातला, माइक असो नसो. पुढाऱ्यांना नावाने हाक मारणारे. साहेब त्यांना शेषा म्हणायचे आणि ते साहेबांना मुरली. मागणी लिहायची हंडरगुळ्यांनी आणि मांडायची शेषेरावांनी, अशी वाटणी होती. माझं नाव साहेबांनी मला न विचारता कार्यकारिणीत घातलं. "एक बाई पायजेच असती," एवढंच स्पष्टीकरण.

लोकांना ही गाडी समजावणं सोपं नव्हतं. लातूरकराला गाडी म्हटलं की मुंबईची आठवते. नांदेडकरालाही मुंबईची, नाही तर हैदराबादची. एकमेकांकडे जायला गाडी हवी असं दोन्हीकडे कुणालाच वाटत नाही, उलट तिकडे जायचंच कशाला असा सूर. बैठकीला लोक यायचे, भजी खायचे आणि मुंबईच्या गाडीला गर्दी किती होते यावर बोलून घरी जायचे. बाजारात साहेबांचं नावच पडलं होतं, चार डब्यांचे हंडरगुळे. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा दाळ मिलवाल्या एका शेठने तोंडावरच तसं म्हटलं, तर म्हणाले, "तुमी एक डबा घ्या, मग तीनाचा राहील मी."

मग एक दिवस वरून उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. इतर कुठे या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला माहीत नाही. आमच्याकडे त्याचा अर्थ 'काम झालं' असा होतो. संघाने त्याच संध्याकाळी फटाके लावले. पेढे वाटले. ज्याने ते उत्तर पाठवलं त्या कार्यालयातल्या कारकुनाला बोलावून शाल आणि श्रीफळ दिलं. तो बिचारा सारखा म्हणत होता, अजून काही नाही हो, नुसतं विचाराधीन आहे. त्याच्या नम्रतेचंही कौतुक झालं.

हे हसण्यासारखं होतं, आणि मी हसलेही. पण त्याच महिन्यात सुमनताईंना एक संधी आली होती. निलंगा तालुक्यातल्या एका शिक्षिकेला नांदेड जिल्ह्यात जायचं होतं, म्हणजे आपसी बदली. तुम्ही इकडे या, मी तिकडे जाते. शाळा अगदी कर्नाटकच्या कडेला, गाव आडवळणी, पण निलंग्यात घर केलं असतं तर साहेब तिथून रोज एसटीने लातूरला आले असते आणि रात्री घरी जेवले असते. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा घडत होतं. साहेबांनी शेषेरावांना विचारलं. मी तिथेच होते, बँकेसमोरच्या टपरीवर.

"वयनीला कशाला त्या कानडी मुलखात टाकून राहिलास?" शेषेराव म्हणाले. "तिची नांदेडची शाळा लई चांगली चाललीय म्हणतोस. गाडी पक्की समज. मी सांगून राहिलो न तुला."

"पक्की?"

"अरे, पक्की म्हणजे पक्की."

साहेबांनी त्या रात्री सुमनताईंना बदलीला नाही म्हणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मेसच्या बाईंनाही सांगून आले, की अजून थोडेच महिने, मग माझा डबा बंद. बाईंनी त्यांना त्या आनंदात शिरा दिला. तो ते बँकेत घेऊन आले आणि सगळ्यांना चमचा-चमचा वाटला.

पुढे वर्ष गेलं. विचाराधीनच होतं. मग रेल्वेचे एक मोठे अधिकारी लातूरला आले आणि त्यांनी संघाला विश्रामगृहात बोलावलं. आम्ही आठ-दहा जण गेलो. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. सगळ्या स्थानकांचे थांबे, कुठली गाडी पुढे काढून ह्या गाडीला वाट द्यायची, सगळं त्यांनी पाठ केलं होतं. बोलायचं अर्थातच शेषेरावांनी.

अधिकारी सज्जन होते. म्हणाले, "तुमच्या भागाच्या मागण्या पुष्कळ आहेत. मी एकच जोर लावून वर पाठवू शकतो. ही लहान डिझेल गाडी, किंवा मुंबईच्या गाडीला जादा डबे. तुम्ही ठरवा. संघ म्हणेल ते मी पाठवतो."

हंडरगुळेसाहेबांनी शेषेरावांकडे बघून मान हलवली, बोल अशा अर्थाने. शेषेराव उठले. घसा साफ केला.

"साहेब, आमच्या संघाची एकमुखी मागणी हाय, मुंबईच्या गाडीला डबे वाढवा."

मला वाटलं, आधी तिचं बोलून मग ह्या गाडीवर येतील. पण ते खाली बसायला लागले. हंडरगुळेसाहेब अर्धवट उठले. "शेषा, चार डब्याची गाडी..."

"ती काय साहेब," शेषेराव अधिकाऱ्यांकडे वळून हसत म्हणाले, "आमच्या मुरलीच्या घरची मागणी हाय. ह्यांची बायको नांदेडला. ह्यांना रात्री बायकोबरोबर जेवायचंय. फोन समोर ठेवून जेवतात दोघं, काय सांगू तुम्हाला! आता एका माणसाच्या जेवणासाठी सरकारनं गाडी सोडायची का?"

सगळे हसले. अधिकारीही हसले, त्यांचा काय दोष. मी उभी राहिले आणि म्हणाले, "हे असं ठरलं नव्हतं. संघ ह्याच गाडीसाठी निघालाय." शेषेराव म्हणाले, "मॅडम, बसा. चहा येऊन राहिलाय." बाकीच्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. सगळ्यांच्या घरचं कुणी ना कुणी मुंबई-पुण्याला होतंच. साहेब तसेच अर्धवट उभे होते, दोन्ही हात टेबलावर टेकून. त्यांचे कान लाल झाले होते. मला अजूनही तो प्रसंग आठवला की शेषेरावांच्या तोंडावर चहा फेकायला हवा होता असं वाटतं, आणि हे मी अतिशय शांतपणे लिहिते आहे.

बाहेर पायऱ्यांवर दोघे बोलले. मी चप्पल घालत होते, मुद्दाम सावकाश.

"का रे शेषा?"

"मुरली, तू हिशेबाचा माणूस. इथं क्लासला येणाऱ्या पोरांसाठी मी हॉस्टेल बांधलंय, तुला ठाऊक हाय. तुझी गाडी आली की परळीची, गंगाखेडची पोरं सकाळी येतील आन् संध्याकाळी आईच्या हातचं खायला घरी जातील. माझे तीन मजले काय पारव्यांना देऊ?"

"मग आधी सांगायचं होतं. सुमननं निलंगा घेतलं असतं."

"मला काय माहीत तू खरंच नको म्हणशील."

"तू पक्की म्हणलास."

"म्हणतो माणूस, मुरली. सगळेच म्हणतात."

साहेब रस्ता ओलांडून ऑटोची वाट बघत उभे राहिले. शेषेरावांनी गाडीतून काच खाली करून "चल, सोडतो," म्हटलं. त्यांनी हातानेच नको म्हटलं. एवढं झाल्यावरही त्यांच्या हातात राग नव्हता. मला मात्र त्यांच्याही त्या शांतपणाचा राग आला.

कहर पुढेच आहे. मुंबईच्या गाडीची मागणी वर गेली म्हणून संघाने समारंभ ठेवला, आणि त्यात संस्थापक म्हणून हंडरगुळ्यांचा सत्कार. तोही शनिवारी संध्याकाळी. त्यांनी नाही म्हणून पाहिलं. पण आमच्याकडे सत्काराला नाही म्हणता येत नाही, उलट लोक आणखी भारी शाल आणतात. शेषेरावांनी स्वतः बँकेत येऊन, सगळ्यांदेखत त्यांच्या गुडघ्याला हात लावला. नांदेडची बस त्या शनिवारी चुकली ती चुकलीच.

मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांना शाल पांघरली, फेटा बांधला. फेटा बांधणाऱ्याने तो जरा घट्ट बांधला होता, त्यामुळे त्यांच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या आणि ते सारखे आश्चर्यचकित दिसत होते. शेषेराव अर्धा तास मैत्रीवर बोलले. मग माइक साहेबांकडे आला. ते आयुष्यात माइकवर कधी बोलले नव्हते.

"शेषा," ते म्हणाले, "जेवणाची गोष्ट मी तुला गाडीसाठी सांगितली नव्हती. दोस्त म्हणून सांगितली होती."

आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, एवढंच सगळ्यांना ठाऊक. शेषेरावही वाजवत होते. पहिल्या रांगेत एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "थोडक्यात बोलले, छान बोलले."

त्यानंतर साहेबांनी संघ सोडला. गाडीचा विषय पुन्हा काढला नाही. मॅनेजर लांब बोलायला लागले की मी आशेने त्यांच्याकडे बघायची, पण ते समोर बघत असायचे. शनिवारची बस चालूच होती. मुंबईच्या गाडीला डबे वाढले की नाही याची मी चौकशी केली नाही. आता ह्या मार्गावर विजेच्या तारा आल्या आहेत, डिझेलची गाडी म्हटलं तर पोरं हसतील. शेषेरावांचे तीन मजले भरलेले असतात. लग्नात वगैरे ते दिसले की मी दुसऱ्या पंगतीला बसते.

आधी सुमनताई निवृत्त झाल्या, मग साहेब. निरोपसमारंभात मीच जरा जास्त बोलले, आता रोज घरचं जेवण वगैरे. साहेब सगळं सामान टेम्पोत घालून नांदेडला गेले. आम्हाला फार बरं वाटलं. आणि एक-दोन महिन्यांत ते मला लातूरच्या भाजी बाजारात भेटले, हातात कोथिंबिरीची जुडी. जुन्याच खोलीत परत आलो म्हणाले. "जातो न शनवारी," एवढंच म्हणाले आणि भाव विचारायला पुढे गेले. मला काही कळेना. भांडण झालं असेल असं वाटलं.

पुढे भाचीच्या साखरपुड्याला मी नांदेडला गेले. सोमवारी सकाळी परतण्याआधी त्यांच्या घरी गेले. छोटं, चकचकीत घर. साहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते, कपडे करून. मला बघून खूश झाले. मी आत सुमनताईंशी बोलत बसले तेवढ्यात ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबले.

"जरा पाणी मिळंल का?"

माठ त्यांच्यापासून दोन हातांवर होता. सुमनताई लगबगीने उठल्या, कपाटातून काचेचा पेला काढला, पुसला, पाणी भरून ट्रेमधून त्यांच्यापुढे धरला. ते उभ्यानेच प्यायले. "बस, बस," म्हणाले आणि पेला अलगद ट्रेमध्ये ठेवून बाहेर गेले.

मी बघत राहिले. सुमनताईंच्या ते लक्षात आलं. मोठ्या सरळ बाई त्या.

"आले होते की कायमचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सोमवारपर्यंत लई बरं वाटायचं. मंगळवारी काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. त्यांना माझ्या घरात काय कुठंय ते ठाऊक नाही आणि दर वेळी विचारायची त्यांना लाज वाटायची. मला एकटीला उठायची, एकटीला बसायची सवय. बुधवारी माझ्या मनात यायचं, हे कधी जातील. नवऱ्याबद्दल असं मनात येतं, मॅडम, आणि मग रात्रभर माझीच मला शरम वाटते. त्यांनी ओळखलं. एक दिवस म्हणाले, मी आपला पहिल्यासारखाच येत जातो."

बाहेरून साहेबांचा आवाज आला. "निघतो मी. बस हाय."

आम्ही दोघी दारात गेलो. त्यांनी पायात चपला घातल्या आणि नमस्कार करतात तसे हात किंचित जुळवले. मला की तिला, ते कळलं नाही. "येतो," म्हणाले. "या," ताई म्हणाल्या. ते झपाझप चालत कोपऱ्यापर्यंत गेले, वळले आणि दिसेनासे झाले. सुमनताई तोवर उभ्या होत्या. मग त्यांनी दार लावलं, पदराने कपाळ टिपलं आणि माझ्याकडे वळून अगदी मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "बसा हो आता. आपण निवांत चहा घेऊ."